कारखान्याचं फुकट पाणी, भाजीचं वावर आणि स्टॅम्पपेपरवरची सही

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार. माझं नाव-गाव छापू नका. पश्चिम विदर्भातला शेतकरी आहे. साडेचार एकर भारी काळी जमीन, त्यातलं दीड एकर भाजीपाल्याचं. वांगी, टमाटर, मिरची, मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर). माल आठवडी बाजारात आमची घरची मंडळी स्वतः बसून विकते. विहीर फेब्रुवारी संपता संपता तळाला जाते. धुऱ्यापलीकडे सूत रंगवायचा कारखाना आहे. त्यांचा मॅनेजर म्हणतो, ट्रीटमेंट केलेलं पाणी पाइपानं तुमच्या वावरात आणून देतो, एक पैसा नको; फक्त 'आमची हरकत नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. त्यांनी दिलेला तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. शेजारी दोन वर्षांपासून तेच पाणी पऱ्हाटीला देतो, त्याचं पीक चांगलं आहे. पण घरची म्हणते, ज्या पाण्याला वास येतो त्याची भाजी मी बाजारात मांडणार नाही. पाणी घ्यावं का? घेतलं तर कोणती भाजी चालेल? तुरटी फिरवून किंवा रेतीतून गाळून ते साफ होईल का?"

भाऊ, नमस्कार.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आज तुमच्या हातात जो कागद आहे, त्याच्या भरवशावर हे पाणी भाजीला देऊ नका. स्टॅम्पपेपरवर सही तर अजिबात करू नका. मंडळींचा निर्णय बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण मला थोडं बदलावंसं वाटतं. या पाण्यातली सगळ्यात किरकोळ भानगड म्हणजे वास. तो सडणाऱ्या सेंद्रिय घाणीचा असतो आणि ती घाण कमी करायलाच कारखान्याची ट्रीटमेंटची यंत्रणा बसवलेली असते. यंत्रणेतून जे तसंच पुढे निघून येतं त्याला ना वास ना रंग. ते म्हणजे मीठ.

सुती धाग्याला पक्का रंग चढवताना रंगाच्या टाकीत मीठ घालावं लागतं, खाण्याचं नाहीतर ग्लॉबरचं, म्हणजे सोडियम सल्फेट. मिठाशिवाय रंग पाण्यातच राहतो, धाग्याला धरत नाही. फिकट रंगाला मीठ कमी लागतं. गडद निळ्या-काळ्याला एका लिटरमागे 50 ग्रॅमच्याही वर जातं. सोबत सोडा ॲश, कॉस्टिक सोडा. यातलं धाग्यावर काहीच राहत नाही, सगळं धुऊन खाली येतं. पुढे ट्रीटमेंटमध्ये चुना, फेरस सल्फेट, पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड असलं काही टाकून रंग खाली बसवतात, म्हणजे त्यातही क्षारांची भरच पडते. मॅनेजरनं तुम्हाला काचेच्या ग्लासात पाणी दाखवलं असेल तर ते खरंच स्वच्छ दिसलं असेल. त्यात फसवणूक नाही. फक्त डोळ्यांना जे दिसतं त्याचा आणि जमिनीला जे पोचतं त्याचा इथे संबंध नाही.

आता तुमचा कागद. पीएच (सामू) 8.2, बीओडी (सडणाऱ्या घाणीचं माप) 28, सीओडी (रसायनांसह एकूण घाणीचं माप) 210, तरंगते कण 40, तेल-ग्रीस 4, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 1950. प्रत्येकासमोर 'मर्यादेत' असा शेरा. शेरा खोटा नाही. सांडपाणी ओलितासाठी जमिनीवर सोडायचं असेल तर केंद्राच्या सर्वसाधारण मानकांत पीएच 5.5 ते 9, बीओडी 100, तरंगते कण 200 आणि तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पण हा तक्ता एकदा पूर्ण बघा. नदी-नाला, शहरातली गटार, जमीन आणि समुद्र असे चार रकाने आहेत. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांच्या ओळींत बाकीच्या रकान्यांत आकडे आहेत आणि जमिनीच्या रकान्यात नुसती रेघ. म्हणजे तुमच्या वावरात येणाऱ्या पाण्यात हे धातू किती असावेत, याचा त्या तक्त्यात आकडाच नाही. 'मर्यादेत' हा शेरा कारखान्याला कायद्यापुरता उपयोगी. त्या पाण्यावर पालक लावावा की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

कागदावरचा आपल्या कामाचा एकमेव आकडा टीडीएस 1950. त्याला 640 नं भागा, साधारण 3 येतात. ही पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात ओलिताचं पाणी 0.7 च्या आत असलं तर काही काळजी नाही, 0.7 ते 3 मध्ये जपून वापरायचं, आणि 3 च्या वर गंभीर अडचण. तुमचा फुकटचा पाइप बरोबर त्या शेवटच्या उंबरठ्यावर उभा आहे, तोही कारखान्यानंच काढलेल्या नमुन्यात.

हेच किलोत मोजू. एका एकराला पाटानं एक पाणी, पाच सेंटिमीटर धरलं, तर लागतात सुमारे दोन लाख लिटर. एका लिटरला 1950 मिलिग्रॅम म्हणजे एका पाण्यामागे जवळपास 400 किलो क्षार. पन्नास किलोच्या आठ गोण्या. फेब्रुवारी ते मे दहा पाणी दिली तर एकरी चार टन. तुमच्या धुऱ्यावर कोणी मिठाचा ट्रक आणून उभा केला असता तर तुम्ही काठी घेऊन धावले असते. ठिबकनं पाणी कमी लागेल, तेवढे क्षारही कमी येतील. पण येतील ते राहतील. पीक पाणी पितं, मीठ जमिनीत सोडून देतं.

आता पिकांचं. पाण्याची ईसी 3 असेल आणि जमिनीतून थोडाफार निचरा होत असेल, तर मुळांपाशी ती साधारण दीडपट होते, म्हणजे साडेचार. टमाटर अडीचपर्यंत तग धरतं. साडेचारला त्याचं पाचवा हिस्सा उत्पन्न जातं. पालकाचंही साधारण तेवढंच. वांगं 1.1 लाच कुरकुर सुरू करतं, त्याचा पाव हिस्सा गेला. मिरचीचे शंभरातले चाळीसहून अधिक, कांद्याचं अर्ध्याच्याही वर. घेवडा-फरसबी आणि गाजर यांची सहनशक्ती तर जेमतेम 1 ची. आणि हे सगळे हिशेब बऱ्या निचऱ्याच्या जमिनीचे आहेत. तुमची जमीन भारी काळी आहे, तिच्यात निचरा कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

शेजाऱ्याची पऱ्हाटी मग चांगली कशी? कारण कापूस हे मिठाला सगळ्यात दाद न देणाऱ्या पिकांपैकी एक. जमिनीत 7.7 पर्यंत त्याचं उत्पन्न हलत नाही. गव्हाची मर्यादा 6. त्यामुळे दोन वर्षं पऱ्हाटी हिरवीगार दिसली यावरून पाणी चांगलं असं नाही ठरत. मला तर त्याच्या पिकापेक्षा त्याच्या मातीची जास्त काळजी वाटते. का, ते आता सांगतो. माझ्या उत्तराचा मुख्य मुद्दा हाच आहे.

मिठातला सोडियम हा काळ्या मातीचा वैरी. आपली काळी माती चिकणमातीच्या अतिबारीक पापुद्र्यांची बनलेली. या पापुद्र्यांना एकमेकांशी धरून ठेवतो तो कॅल्शियम. सोडियम वाढला की तो कॅल्शियमची जागा घेतो आणि पापुद्रे सुटे व्हायला लागतात. पण गंमत अशी की हे लगेच दिसत नाही. जोवर वावरात खारं पाणी चालू असतं, तोवर त्यातलं मीठच मातीला बांधून ठेवतं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, सगळं ठीक. मग मृगाचा पहिला दणका येतो. पावसाचं पाणी गोडं. ते वरचं मीठ धुऊन नेतं आणि चिकणमातीला धरून बसलेला सोडियम तिथेच राहतो. त्या घडीला माती फुटते. बारीक कण पाण्यात सुटतात, भेगा-छिद्रं लिंपून टाकतात, वर पापडी धरते. पाणी वावरात उभं राहतं, खाली जात नाही. पेरलेली सोयाबीन पापडीखाली कुजते. शेतकरी म्हणतो, यंदा बियाणं खराब निघालं.

हे चित्र तुमच्या भागात कोणाला नवं वाटणार नाही. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे निसर्गानं करून ठेवलेलं हेच काम: खारं भूजल, चोपण माती, कोंडलेला निचरा. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते भोगतो आहे आणि त्यातून बाहेर पडायला शासनाचे प्रकल्प चालू आहेत. चांगल्या जमिनीत स्वतःच्या हातानं खारपाण आणायचं, तेही पाइप टाकून, हे मला पटत नाही.

शेजाऱ्याला दुखवू नका, पण त्याच्यासोबत एक साधी परीक्षा करून बघा. त्याच्या वावरातलं, पाणी पडतं त्या जागेचं, हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. तसंच एक तुमच्या कोरडवाहू तुकड्यातलं. दोन काचेच्या ग्लासांत बॅटरीत घालायचं पाणी ओता. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार असतात. ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लासाला हात लावू नका, ढवळू तर मुळीच नका. काळ्या मातीचं ढेकूळ थोड्या वेळात फुटून खाली पसरेल, ते दोन्ही ग्लासांत होईल, त्याचं काही नाही. बघायचं ते भोवतालचं पाणी. दोन-तीन तासांनीही पाणी नितळ असेल तर माती अजून धरून आहे. ढेकळाभोवती दुधाळ वलय उठून ते हळूहळू तळाशी पसरत असेल, तर सोडियमनं काम सुरू केलंय. ग्लासामागे काळा कागद धरला की वलय स्पष्ट दिसतं. ही प्रयोगशाळेची जागा घेणारी परीक्षा नाही, पण मृगाच्या आधी, चहा पिता पिता, पुष्कळ काही सांगून जाते. आणि त्याच फेरीत तुमच्या विहिरीचं पाणीही तपासून घ्या. शेजारी दोन वर्षं हे पाणी वावरात सोडतोय, तर धुऱ्याच्या अलीकडच्या विहिरीत काय उतरलंय ते कळलेलं बरं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, रेतीनं कचरा अडतो. विरघळलेलं मीठ दोन्हींतून आरपार जातं. मीठ काढायचं तर आरओ लागतं, आणि आरओतून दोन पाणी निघतात: एक गोडं, एक रिजेक्ट, म्हणजे सगळं मीठ गोळा झालेलं. इथे मॅनेजरला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे आरओ आहे का, आणि असेल तर मला यातलं कोणतं पाणी देताय? रंगाई कारखान्याला पाणी विकत घ्यावं लागतं. आरओचं गोडं पाणी तो स्वतःच्या टाकीत परत फिरवील, शेजाऱ्याला फुकट कशाला वाटेल? जे आत वापरता येत नाही तेच बाहेर द्यायला निघतं. आरओचं गोडं पाणी खरोखर देत असतील आणि ईसी 0.7 च्या आत असेल, तर माझा अर्धा विरोध तिथेच संपला.

पाणी आतल्या आत फिरवता येतं, ही काही पुस्तकी गोष्ट नाही. तामिळनाडूत तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांचं पाणी नोय्यल नदीत जायचं. खाली ओलितासाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात तेच साठलं, आणि ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी त्या पाण्यामुळे जमिनी गेल्या म्हणून कोर्टात गेले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाई कारखाने बंद करायचा आदेश दिला. पुढे पाण्याचा थेंब बाहेर न सोडण्याची व्यवस्था बसवूनच ते सुरू झाले. आणि लांब कशाला, नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. उद्योग दुसऱ्याचं मैलापाणी साफ करून वापरू शकतो, तर स्वतःचं का नाही?

आता सहीचं. कारखाना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर चालतो. त्यात रोज किती सांडपाणी, कोणत्या दर्जाचं आणि ते कुठे जाईल, हे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा स्वतःच्या आवारातल्या झाडांना, किंवा सामाईक सांडपाणी केंद्राला, किंवा थेंबही बाहेर नाही. 'शेजाऱ्याच्या भाजीला' असं त्यात लिहिलेलं असण्याची शक्यता फार कमी. ही संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, तिथे नाही सापडलं तर माहितीच्या अधिकारात अमरावतीच्या प्रादेशिक कार्यालयातून मागा. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याचं 24 वं कलम असं आहे की घातक पाणी नाल्यात, विहिरीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून सोडणारा जसा दोषी, तसा जाणूनबुजून सोडू देणाराही. तुमची सही म्हणजे 'सोडू देणारा मी' असं स्वतःहून लिहून देणं. उद्या विहीर खराब झाली, बाजारात कोणी बोट दाखवलं, तर कारखाना तोच कागद पुढे करील. मॅनेजर माणूस म्हणून चांगला असेल, पण वकिलानं सांगितल्याशिवाय कोणी स्टॅम्पपेपर मागत नाही.

नकार तोंडावर द्यायचा नसेल तर उलट तुम्हीच लेखी मागा. संमतीपत्राची प्रत, मागच्या सहा महिन्यांचे अहवाल, आणि नव्या नमुन्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, बोरॉन, एकूण क्रोमियम, कॅडमियम, निकेल, तांबं, शिसं. नमुना तुमच्यासमोर निघाला पाहिजे आणि तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत, खर्च त्यांचा. दिवसा एकदा बाटली भरून पाठवली की झालं, असं करू नका. रंगाईत पाणी तासागणिक बदलतं. सकाळी फिकट गुलाबी, रात्री नेव्ही ब्लू, आणि टाक्या धुतात तेव्हा वेगळंच. हजारेक रुपयांत हातात धरायचं ईसी मीटर मिळतं. पाइप येण्याआधी आठ-पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळी, रात्रीही, निकासावर जाऊन आकडा वहीत टिपा. कागदावरचा 3 आणि रात्रीचा आकडा यांत किती फरक आहे तेवढ्यावरून माणसाची नियत कळते.

सोडियमचा अहवाल आला की हिशेब असा. सोडियमच्या मिलिग्रॅमला 23 नं, कॅल्शियमला 20 नं, मॅग्नेशियमला 12 नं भागा. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज निम्मी करा, तिचं वर्गमूळ काढा आणि त्यानं सोडियमला भागा. मासला म्हणून सोडियम 460, कॅल्शियम 60, मॅग्नेशियम 36 धरलं तर 20, 3 आणि 3 येतात. 3 चं वर्गमूळ 1.73, उत्तर साडेअकरा. याला एसएआर म्हणतात. भारतीय मानक 10 च्या आत कमी धोका समजतं. पण ते सगळ्या जमिनींना मिळून एकच माप झालं. आपल्या चिकण काळ्या मातीत मी 5-6 लाच हात आखडता घेईन.

धातूंचं थोडक्यात. काही रंगांत क्रोमियम, तांबं, कोबाल्ट असतं, सगळ्यांत नाही. ओलिताच्या पाण्यात कॅडमियम 0.01, क्रोमियम 0.1, तांबं आणि निकेल 0.2 मिलिग्रॅमच्या आत असावं, हे अन्न व कृषी संघटनेचे आकडे. आपल्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असल्यामुळे बरेचसे धातू मातीतच अडकून बसतात, पिकात लगेच चढत नाहीत. त्यातल्या त्यात हा दिलासा. पण अडकलेले धातू वर्षावर्षाला साठतात आणि नंतर काढायचा स्वस्त उपाय नाही. सगळ्यात आधी ते पालेभाज्यांत दिसतात. मेथी, पालक, सांबार, चवळी, पोकळा यांच्या पानांत जास्त; मुळा-गाजराला मातीच चिकटून येते; वांगं, टमाटर, भेंडी यांच्या फळांत कमी; दाण्यांत त्याहून कमी. तुमच्या दीड एकरात नेमकी पालेभाजीच जास्त, आणि सांबार तर लोक कच्चाच खातात. कच्च्यावरून आठवलं: कामगारांचे संडास-मोऱ्या त्याच ट्रीटमेंटला जोडल्यात का, हेही विचारा. जोडल्या असतील तर जंतूंचा प्रश्न वेगळा उभा राहतो, आणि अनवाणी पाणी वळणाऱ्या बायामाणसांना हुकवर्मची भीती.

समजा, सगळे आकडे चांगले आले. ईसी दीडच्या आत, एसएआर पाचच्या आत, धातू मर्यादेत, संमतीपत्रात शेतीला द्यायची लेखी परवानगी. तर भाजी करायला माझी हरकत नाही, पण पालेभाजी आणि मुळा-गाजर त्यात नको. टमाटर, भेंडी, दोडकं, चवळीच्या शेंगा, तेही ताटी-तारेवर चढवून, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. ठिबकनंच द्यायचं. तुषार लावला तर क्लोराइडनं पानांच्या कडा जळतात. बी उगवायला आणि रोप धरायला विहिरीचं गोडं पाणी राखून ठेवा. कारखान्याचं पाणी झाड मोठं झाल्यावर. दोन्ही पाणी टाकीत मिसळण्यापेक्षा पाळीपाळीनं देणं बरं, कारण मिसळलं की चांगलंही मध्यम होऊन बसतं. तोडणीच्या आधी काही दिवस हे पाणी बंद, आणि माल विहिरीच्या पाण्यानं धुवायचा. दर मे महिन्यात माती तपासायची: ईसी, सामू, विनिमययोग्य सोडियम (म्हणजे चिकणमातीला धरून बसलेला). सोडियमचा टक्का 15 कडे सरकायला लागला की पाइप बंद आणि जिप्समचा विचार; त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो. जिप्सम टाकायचं ते मातीच्या तपासणीवरून आणि पावसाआधी, धुऱ्याला चर काढून. बाहेर जायला वाट नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच घुटमळतो. शेजाऱ्यानं कोणाच्या तरी सांगण्यावरून आधीच दोन गोण्या जिप्सम फेकलं असेल तर त्याला सांगा, चर आधी.

तुमचं पत्र वाचून इतरांचेही फोन येतील म्हणून दोन ओळी. दाल मिल, फळांचा रस, सोयाबीनचं तेल यांचं पाणी बहुतेक सेंद्रिय घाणीचं, नीट ट्रीट करून ओलिताला पुष्कळ बरं. दूध प्लँटला मात्र कॉस्टिकनं पाइप धुतात, म्हणून तिथे सोडियम बघाच. दारूच्या डिस्टिलरीचं काळं पाणी भाजीला नाही. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातलं पाणी बोरॉन आणि आर्सेनिक तपासल्याशिवाय नाही. चंद्रपूर-वणीकडे खाणीतलं उपसलेलं पाणी पुष्कळ ठिकाणी वापरता येण्यासारखं असतं, पण सल्फेट, लोह आणि सामू बघून. संत्र्याच्या बागेला यातलं कुठलंही पाणी द्यायच्या आधी दहादा विचार करा, संत्रा मिठाच्या बाबतीत फारच नाजूक. आणि चाऱ्यालाही सैल सोडू नका, धातू चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात.

आता उरला खरा प्रश्न, फेब्रुवारीनंतर करायचं काय. दीड एकर भाजी उन्हाळाभर जगवायचा हट्ट सोडा. मार्चपासून अर्धा एकर ठेवा, ठिबक आणि आच्छादन घालून, त्यातही विहिरीच्या पाण्यावरची मेथी-सांबार ठेवा. उन्हाळ्यात सांबाराच्या जुडीला काय भाव येतो ते मंडळींना विचारा, हिशेब त्यांच्याकडे आहे. उरलेल्या एकरात रब्बीचा हरभरा लवकर काढून जमीन रिकामी राहू द्या. विहीर पुनर्भरणासाठी पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळून विहिरीत सोडता येतं. तुमच्या नाल्यात कारखान्याचं काही येत असेल तर मात्र हे चुकूनही करू नका. शेततळ्याला आणि ठिबकला अनुदान आहे, पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) योजनेत तुमचं गाव असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा. कारखान्याला शेजारधर्मच पाळायचा असेल तर तुमच्या शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदाचे पैसे देऊ देत. तो प्रस्ताव तुम्हीच ठेवून बघा, मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होईल.

माती आणि विहिरीचं पाणी तपासायला जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र पुरेसं आहे. धातूंसाठी एनएबीएलवाली लागेल, आणि धातूंची बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या, तिच्यात आधीच आम्ल घातलेलं असतं. साधा नमुना दोन लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, गच्च भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवाल आले की सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडे आणि मे महिन्याचा मातीचा कागद मला पाठवा. शेजाऱ्याच्या ढेकळाचं काय झालं तेही कळवा.